चिमूटभर मिठाचा इतिहास

इतिहास म्हटला की आपल्या डोळ्यांपुढे गड, तलवारी आणि तह उभे राहतात. पण मिठाच्या बरणीलाही इतिहास असतो. तो आज थोडक्यात सांगतो.

हिमालयाच्या पायथ्याशी कांगडा नावाचे खोरे आहे. तिथे पिढ्यान्‌पिढ्या माणसांच्या गळ्याला गाठी येत. त्यालाच आपण गलगंड म्हणतो. पावसाने आणि वितळत्या बर्फाने डोंगरउतारावरच्या मातीतले आयोडीन धुऊन गेले होते. मातीत नाही म्हणून धान्यात नाही, आणि धान्यात नाही म्हणून माणसाच्या अंगात नाही! आयोडीन कमी पडले की गळ्यातली थायरॉईड ग्रंथी फुगते. पण गाठ निदान डोळ्यांना दिसते. न दिसणारे नुकसान त्याहून मोठे. गरोदरपणी आईला आयोडीन फारच कमी पडले, तर पोटातल्या बाळाच्या मेंदूची वाढ खुंटते आणि ती पुढे भरून निघत नाही.

आयोडीनचा शोध १८११ साली फ्रान्समध्ये समुद्रशेवाळाच्या राखेतून लागला. १८२० साली जिनिव्हाच्या क्वांदे नावाच्या डॉक्टरांनी ते गलगंडावर वापरून पाहिले. पुढे १९२२ पासून स्वित्झर्लंडमध्ये आयोडीनयुक्त मीठ विकले जाऊ लागले. मीठच का? तर राव असो वा रंक, मीठ रोज खातो आणि बेताने खातो, म्हणून!

आपल्याकडे १९५६ साली डॉ. व्ही. रामलिंगस्वामी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी कांगडा खोऱ्याचे तीन भाग केले. दोन भागांना आयोडीन घातलेले मीठ दिले, तिसऱ्याला साधे. काही वर्षांनी पाहतात तो काय, पहिल्या दोन भागांत गलगंड बराच घटला होता. तिसऱ्यात मात्र तो होता तसाच होता. मग तिथेही तेच मीठ देण्यात आले आणि तिथलाही गलगंड उतरू लागला. १९६२ साली सरकारने देशासाठी गलगंड-नियंत्रणाचा कार्यक्रम हाती घेतला. साध्या मिठाच्या विक्रीवरची बंदी २००० साली उठली आणि २००६ साली पुन्हा लागू झाली.

कुणी म्हणेल, आमचे मीठ तर समुद्राचेच, मग त्यात वेगळे काय घालायचे? तर तसे नाही. समुद्राच्या साध्या मिठात आयोडीन अगदी नाममात्र उरते. मोठ्या माणसाला रोज अवघे १५० मायक्रोग्रॅम आयोडीन पुरते, गरोदर बाईला २५०. जन्मभराची गरज चहाच्या एका चमच्यात मावेल. पण शरीर त्याचा मोठा साठा करीत नाही, म्हणून ते रोज थोडे थोडे हवे.

तेव्हा मीठ घेताना पुडीवर ‘आयोडीनयुक्त’ असे छापले आहे ना, ते पाहावे. मीठ धुऊ नये, ऊन आणि ओल यांपासून दूर, झाकणाच्या बरणीत ठेवावे. आयोडीन हवे म्हणून मीठ जास्त खाण्याचे मात्र कारण नाही. गुरुजींनी ही गोष्ट वर्गात सांगावी. मुले ती घरी नेतील, आणि चुलीपाशी पोचली की तिचे काम झाले.