डच तापाचा माग

लस टोचल्यावर बाळाला ताप आला तर कुणी फारसे घाबरत नाही. ‘डच ताप’ नावाच्या आजारातला पहिला ताप बहुधा असाच, वर्षाच्या आत येतो. पण चार-सहा आठवड्यांनी तो लस नसतानाही परततो. हुडहुडी भरते, ताप तीन ते सात दिवस हटत नाही. मानेतल्या गाठी सुजतात, पोटात कळा येतात, उलट्या-जुलाब होतात, तोंड येते. काहींना पुरळ थेट तळहात-तळपायांवरही उठते. अँटिबायोटिकने काही फरक पडत नाही. मग ताप आपणच उतरतो नि मूल हुंदडू लागते. पुढच्या खेपेपर्यंत.

नेदरलँड्समधल्या लायडनच्या योस फान डर मेर आणि सहकाऱ्यांनी १९८४ साली असे सहा रुग्ण ‘लॅन्सेट’मध्ये मांडले. सगळे डच वंशाचे. सगळ्यांच्या रक्तात इम्युनोग्लोब्युलिन डी हे प्रतिपिंड भरमसाट. त्यावरूनच बारसे झाले : हायपर-आयजीडी सिंड्रोम. जरा घाईच झाली म्हणायची. कारण पुढे हाच आजार असलेल्या काही लहान मुलांत ते प्रतिपिंड अगदी बेताचे निघाले, आणि ते किती वाढले यावर दुखण्याची तीव्रताही ठरेना.

खरा धागा लघवीत सापडला. एका डच गटाला एका रुग्णाच्या लघवीत मेव्हॅलोनिक आम्ल किंचित वाढलेले दिसले. दुसरा डच गट कुटुंबांची गुणसूत्रे चाळत होता. १९९९ मध्ये दोघेही बाराव्या गुणसूत्रावरच्या एकाच जनुकापाशी पोचले : मेव्हॅलोनेट कायनेज. शरीर कोलेस्टेरॉल बनवते त्या वाटेवरचे हे विकर. आई आणि वडील दोघांकडून बिघडलेली प्रत आली तरच आजार होतो. आई-वडील स्वतः ठणठणीत असतात. विकर जवळपास नसेलच तर मुलाची वाढ खुंटते, तोल जातो, मोतीबिंदू होतो. हा भयंकर आजार १९८०च्या दशकापासून चयापचयाच्या डॉक्टरांना ठाऊक होता. तापाचे डॉक्टर त्याच घराच्या दुसऱ्या दाराशी उभे होते.

ताप चढला की आधीच लंगडे असलेले हे विकर आणखी मंदावते. त्या वाटेवर पुढे बनणारी द्रव्ये कमी पडली की इंटरल्युकिन-१ मोकाट सुटते आणि दाह भडकतो. २०१६ साली अमेरिकेत या आजारासाठी मंजूर झालेले कॅनाकिनुमॅब हे औषध इंटरल्युकिन-१लाच अडवते. निदानासाठी लघवी मात्र ताप असतानाच तपासावी. एरवी आम्ल जवळजवळ नेहमीइतकेच दिसू शकते.