मागणी नोंदवा, कंटेनर हजर

कोविड लशीची नोंदणी करणाऱ्या कोविन प्रणालीच्या लेखी तेव्हाचा अहमदनगर जिल्हा म्हणजे ३९१. पुणे ३६३, नाशिक ३८९, बीड ३८४. २०२१ च्या उन्हाळ्यात कॉम्प्युटरशी खटपट करणाऱ्या बऱ्याच पोरांना हे आकडे तोंडपाठ झाले होते. क्षेत्रफळाने राज्यात सर्वांत मोठा जिल्हा हा. अकोल्यापासून जामखेडपर्यंत पिनकोड टाकटाकून लस शोधायची म्हणजे गावोगाव विचारत फिरण्यातलाच प्रकार. त्याऐवजी कोविनच्या एपीआयला ३९१ हा आकडा आणि तारीख एवढंच पाठवलं, की चौदाही तालुक्यांतल्या केंद्रांची सात दिवसांची यादी एका उत्तरात यायची. केंद्राचं नाव, तालुका, लस कोणती, वयाची अट १८ की ४५ आणि शिल्लक डोस किती. शेवटच्या रकान्यात बहुतेकदा शून्य असायचा, तो भाग वेगळा.

बटणं, रंग, खाली ओढायच्या याद्या हे सगळं माणसांच्या सोयीसाठी असतं. प्रोग्रामला त्यातलं काही लागत नाही. त्याला एवढंच ठाऊक हवं, की समोरच्या प्रोग्रामला काय विचारता येतं, कोणत्या साच्यात विचारायचं आणि उत्तर कोणत्या साच्यात मिळणार. या ठरावाला एपीआय म्हणतात. लशीच्या निमित्ताने तो पहिल्यांदाच घरोघरच्या चर्चेत आला.

२८ एप्रिल २०२१ ला दुपारी चार वाजता अठरा वर्षांवरच्या सगळ्यांची नोंदणी सुरू झाली, तेव्हा सुरुवातीलाच मिनिटाला २७ लाख विचारणा आदळल्या. ओटीपी रखडले, लोक वैतागले, तरी त्या दिवसात १ कोटी ३० लाखांच्या वर नोंदण्या झाल्या. अशा गर्दीत कुणी माणूस धावत जाऊन नवा सर्व्हर जोडत नसतो. लसीकरणाचं प्रमाणपत्र देणारा भाग डिवॉक नावाच्या खुल्या प्रणालीवर उभा होता आणि तिची बांधणी आजच्या रिवाजाप्रमाणे सुट्या तुकड्यांची होती. एकेक तुकडा एकेका कंटेनरमध्ये बंद, आणि त्या कंटेनरांचा कारभार कुबरनेटीसकडे. अशा मांडणीत गर्दी वाढली की एक प्रोग्राम दुसऱ्याकडे आणखी कंटेनर मागतो आणि ओसरली की परत करतो. मागणाराही यंत्र, देणाराही यंत्र. ही मागायची रीत आली कुठून?

तिच्या घराण्याला दोन शाखा आहेत. कंटेनरची शाखा दिमाखदार, म्हणून नेहमी तीच सांगितली जाते. नगर जिल्ह्यात कंटेनर म्हटलं की डोळ्यांसमोर येतो तो नगर-मनमाड रस्त्यावर वाहतूक अडवून बसलेला लांबलचक ट्रेलर. त्या लोखंडी पेटीचा मूळपुरुष माल्कम मॅकलीन हा अमेरिकी ट्रकवाला. २६ एप्रिल १९५६ ला त्याचं ‘आयडियल एक्स’ हे जहाज नेवार्कहून ह्यूस्टनकडे ५८ पेट्या घेऊन निघालं. आत काय भरलंय याच्याशी क्रेनला कर्तव्य नाही, पेटीचे कोपरे ठरल्या मापाचे असले की झालं, ही त्यातली खुबी. आपल्याकडे १९८९ मध्ये न्हावा शेवा सुरू झालं आणि दख्खनच्या पठारावरचा कांदासुद्धा या मापात बसला.

सॉफ्टवेअरवाल्यांनी हे नाव उचललं ते फार पुढे. त्यांची अडचण जुनी होती: एकाच यंत्रावर दहा प्रोग्राम नांदवायचे, पण एकाने दुसऱ्याच्या ताटात हात घालता कामा नये. १९७९ च्या युनिक्समध्ये ‘सीएचरूट’ नावाची सोय आली. प्रोग्रामला एका फोल्डरमध्ये कोंडायचं आणि हेच सारं जग आहे असं भासवायचं. २००० मध्ये फ्रीबीएसडीने त्या कोंडणीला पक्क्या भिंती घातल्या आणि सरळ ‘जेल’ असं नाव दिलं. भिंती झाल्या, पण शिधा कोण मोजणार? आतला कैदी सगळी मेमरी फस्त करून बसला तर?

त्यावर २००६ मध्ये गुगलच्या पॉल मेनेज आणि रोहित सेठ यांनी काम सुरू केलं. प्रोसेसर किती, मेमरी किती, हे गटागटाला बांधून देणारी यंत्रणा लिनक्सच्या गाभ्यात घालायची. या कामात बंगळूरचाही वाटा आहे, हे आपल्याकडे फारसं सांगितलं जात नाही. मेमरी मोजण्याचा भाग घडवणाऱ्यांत आयबीएमचे बलबीर सिंग होते आणि प्रोसेसरचा वेळ गटवार वाटून देण्याच्या भागात श्रीवत्स वड्डगिरी. जानेवारी २००८ मध्ये लिनक्सच्या २.६.२४ या आवृत्तीत ‘सीग्रुप’ दाखल झाले. लिनक्सवरच्या कंटेनरांच्या बुडाशी आज हेच मोजमाप आहे.

मग २०१३ च्या मार्चमध्ये सॉलोमन हाइक्स नावाच्या तरुणाने पायथॉनवाल्यांच्या संमेलनात पाच मिनिटांच्या भाषणात डॉकर दाखवलं. तंत्र जुनंच होतं. नवी होती ती बांधाबांध: प्रोग्राम आणि त्याला लागणारं सगळं सामानसुमान एका पेटीत भरायचं, म्हणजे पेटी लॅपटॉपवर चालली तर सर्व्हरवरही चालते. बोधचिन्हात देवमासा आणि त्याच्या पाठीवर रचलेले कंटेनर. मॅकलीनचं ऋण एवढ्या उघडपणे दुसऱ्या कुणी मान्य केलं नसेल.

कंटेनरची गोष्ट सहसा इथे संपवतात, पण माझ्या मते खरी गोष्ट दुसऱ्या शाखेत आहे. बंदरात पेट्यांची थप्पी लागली म्हणून माल पोचत नाही. पेटी उचल, तिकडे ठेव, आणखी चार आण, असं सांगायचं कुणी, कुणाला आणि कोणत्या भाषेत?

ही शाखा केंब्रिजपासून सुरू होते. १९४९ मध्ये तिथे एडसॅक हे यंत्र चालू झालं. वर्गमूळ काढणं, आकडे छापणं असली नेहमीची कामं दर वेळी नव्याने लिहायला नकोत, म्हणून तिथल्या मंडळींनी ती कागदी फितींवर छिद्रं पाडून कपाटात लावून ठेवली. हवी ती फीत काढायची आणि आपल्या प्रोग्रामला जोडायची. फितीच्या पोटात काय आहे ते पाहायची गरज नाही. तिला आकडा कुठे द्यायचा आणि उत्तर कुठे मिळेल, एवढं कळलं की पुरे. विल्क्स, व्हीलर आणि गिल यांनी १९५१ मध्ये यावर पुस्तकच काढलं. एपीआय हे नाव पडायला मात्र १९६८ उजाडलं. दूर ठेवलेल्या कॉम्प्युटरवरून पडद्यावर चित्रं काढण्याबद्दल कॉटन आणि ग्रेटोरेक्स यांचा एक निबंध होता, त्यात ते सापडतं. पुढे २००० मध्ये रॉय फील्डिंगने आपल्या पीएच.डी. प्रबंधात वेबच्याच साध्या पत्त्यांवरून आणि क्रियापदांवरून प्रोग्रामांनी एकमेकांशी कसं बोलावं याची शिस्त मांडली. ३९१ चा प्रश्न जातो तो याच वाटेने.

इथवर एपीआयकडे माहिती मागितली जात होती. २००६ मध्ये ॲमेझॉनने त्यावरून यंत्रच मागायची सोय केली. मार्चमध्ये साठवणुकीची जागा, ऑगस्टमध्ये चालता कॉम्प्युटर, भाडं तासाला दहा सेंट. आधीची रीत कोणत्याही कचेरीत नोकरी केलेल्याला माहीत आहे. मागणीपत्र, तीन कोटेशनं, खरेदी समिती, मग खोकं येणार, मग ते रॅकमध्ये बसवायला कंपनीचा माणूस येणार, आणि तो आला की नेमकी वीज गेलेली. आता प्रोग्राममध्ये चार-दोन ओळी लिहिल्या की काही मिनिटांत यंत्र हजर आणि काम झालं की परत. या घराण्यात सर्वांत मोठी उडी कुठली, असं मला विचाराल तर मी हीच म्हणेन. डॉकरपेक्षाही मोठी.

२००७ मध्ये निघालेल्या हेरोकूने पुढची पायरी गाठली. यंत्रसुद्धा मागू नका, आपला प्रोग्राम द्या आणि त्याच्या किती प्रती चालवायच्या ते सांगा. एक ओळ लिहिली की एकाच्या तीन प्रती. त्या कुठल्या यंत्रावर धावताहेत, ही चौकशी करायचं कारण उरलं नाही. डॉकर यायच्या काही वर्षं आधीची ही गोष्ट.

या दोन्ही शाखांची सोयरीक जमली ती कुबरनेटीसमध्ये. गुगलमध्ये बोर्ग नावाची घरगुती यंत्रणा वर्षानुवर्षं चालत होती आणि आम्ही आठवड्याला दोनशे कोटी कंटेनर सुरू करतो, असं त्यांच्या जो बेडा यांनी २०१४ च्या मे महिन्यात जाहीर सांगितलं. जूनमध्ये त्याच अनुभवावर बेतलेलं कुबरनेटीस सगळ्यांसाठी खुलं झालं आणि जुलै २०१५ मध्ये त्याची पहिली पक्की आवृत्ती आली.

त्यात मागणी कशी नोंदवतात ते नगर जिल्ह्यातल्या कालव्यावरच्या शेतकऱ्याला लगेच समजेल. १९२६ पासून भंडारदऱ्याचं पाणी प्रवरेच्या कालव्यांनी खाली येतंय. आवर्तन जाहीर झालं की शेतकरी नमुना नंबर ७ चा अर्ज भरतो. गट नंबर, पीक, क्षेत्र. दार किती इंच उचला, पाणी कुठल्या चारीने वळवा, असलं काही तो त्यात लिहीत नाही. काय हवं तेवढं सांगतो, कसं द्यायचं ते पाटकऱ्याने पाहायचं. शेतकरी स्वतः दाराला हात लावत नाही, निदान कागदोपत्री तरी.

कुबरनेटीसला असाच अर्ज एपीआयवरून जातो: या नावाचा प्रोग्राम, या पेटीतून, प्रती पाच. तो नोंदवहीत चढतो आणि तिथून पुढे नियंत्रक नावाचे छोटे प्रोग्राम कामाला लागतात. त्यांना एकच काम येतं. नोंदवहीत किती लिहिलंय ते बघायचं, प्रत्यक्षात किती चालू आहेत ते बघायचं, आणि फरक असेल तर तो मिटवायचा. लिहिलेत पाच, चालू चार, तर आणखी एकाची मागणी. लिहिलेत पाच, चालू सहा, तर एक बंद. रात्री तीन वाजता एखादं यंत्र जळालं तरी कुणाला फोन जात नाही. नियंत्रकाला आकडा कमी दिसतो आणि तो दुसऱ्या यंत्रावर भरपाई करतो. या नियंत्रकांना मागचा दरवाजा ठेवलेला नाही, हे मला विशेष वाटतं. तेही त्याच एपीआयवरून वाचतात आणि त्याच एपीआयवरून लिहितात. साहेब असो की शिपाई, सगळ्यांना खिडकी एकच.

पुढचं झटपट झालं. सप्टेंबर २०१५ मध्ये मायक्रोसॉफ्टने भारतातली तीन क्लाउड केंद्रं सुरू केली, त्यांतलं मध्य भारताचं पुण्यात. म्हणजे नगरच्या एसटी स्टँडवरून तीन-साडेतीन तासांच्या अंतरावर. पाठोपाठ ॲमेझॉनचं मुंबईत २०१६ मध्ये आणि गुगलचंही मुंबईतच २०१७ मध्ये. २०१९ मध्ये गुगलने क्लाउड रन आणलं आणि २०२२ मध्ये मायक्रोसॉफ्टची कंटेनर ॲप्स पक्की झाली. यांत कुबरनेटीससुद्धा पडद्याआड जातं. पेटी द्या, मागणीप्रमाणे प्रती वाढतील, कुणीच विचारायला आलं नाही तर शून्यावर येतील, आणि शून्य प्रतींच्या काळात प्रोसेसरचं भाडं नाही. गळिताच्या हंगामात चार महिने ऊसनोंदीची, वजनाची आणि बिलांची झुंबड आणि पुढे शांतता, असं ज्याचं वर्ष आहे त्या साखर कारखान्याच्या हिशेबात ही सोय चपखल बसते. बारमाही सर्व्हर पोसायला नको.

खिडकी म्हटली की रांगही आली आणि घुसखोरही. लशीसाठी काही प्रोग्राम दर दोन-चार सेकंदांना कोविनला तेच ते विचारत होते. ज्याच्या घरी प्रोग्राम लिहिणारं कुणी होतं त्याला जागा सुटल्याची वर्दी आधी मिळे आणि शहरातली माणसं आडगावच्या केंद्रावर गाडीने येऊन टोचून जात. स्मार्टफोन नसलेला शेजारचा माणूस बघत राही. मे २०२१ च्या सुरुवातीला सरकारने एका पत्त्यावरून पाच मिनिटांत फक्त १०० विचारणा अशी मर्यादा घातली, आणि उत्तरातली माहिती अर्ध्या तासापर्यंत शिळी असू शकेल असंही जाहीर केलं. शिळी माहिती मुद्दाम देणं हा मर्यादा घालण्याचा तसा धूर्त मार्ग.

घुसखोरीचं गाजलेलं उदाहरण टेस्लाचं. त्यांच्या कुबरनेटीसचा एक कारभारी पडदा पासवर्डशिवाय इंटरनेटवर उघडा राहिला होता. फेब्रुवारी २०१८ मध्ये रेडलॉक या सुरक्षा कंपनीने तो प्रकार बाहेर आणला, तोवर चोर आत शिरून टेस्लाच्या खर्चाने कूटचलन खणत बसले होते, तेही लक्षात येऊ नये म्हणून बेताबेताने. त्यांना काहीच फोडावं लागलं नाही. रीतसर कंटेनर मागितले आणि ते मिळाले. नियंत्रक मागणारा कोण ते विचारत नाही. ती ओळख खिडकीवरच पटवायची असते आणि तिथे माणूसच बसवलेला नव्हता.

या घराण्यातली अलीकडची मोठी घडामोड म्हणजे वाटणी. डिसेंबर २०२० मध्ये कुबरनेटीसवाल्यांनी जाहीर केलं, की डॉकरला थेट जोडणारा दुवा आम्ही काढून टाकणार. एकच गोंधळ उडाला. ज्या पेटीच्या जिवावर हे सगळं उभं राहिलं तिलाच घराबाहेर काढतात की काय! ३ मे २०२२ च्या १.२४ या आवृत्तीत तो दुवा खरोखरच गेला. पण पेटीचं माप २०१५ पासूनच सगळ्यांनी मिळून ठरवलेलं होतं आणि कंटेनर चालवणाऱ्याशी बोलायचा एपीआयही वेगळा काढलेला होता. डॉकरच्या पोटातूनच निघालेला ‘कंटेनरडी’ त्याच्या जागी बसला. डॉकरने बांधलेल्या जुन्या पेट्या तशाच चालत राहिल्या आणि प्रती पाच असं लिहिणाऱ्यांपैकी बहुतेकांना अर्जातला एक शब्दही बदलावा लागला नाही.