वणव्यात आखलेले आराखडे

सन १९४३ चा डिसेंबर महिना. दुसऱ्या महायुद्धाचा वणवा जगभर पसरला होता, बंगालमध्ये माणसे अन्नावाचून प्राण सोडीत होती. आणि अशा वेळी आपल्या नागपुरात देशभरातील मुख्य अभियंते एकत्र जमले होते. शांतता नांदू लागल्यावर देशात रस्ते कसे बांधावेत, हा त्यांच्यापुढील प्रश्न होता.

युद्ध संपण्याआधीच उद्याचा विचार करणारे ते एकटे नव्हते. सप्टेंबर १९४० पासून सुमारे आठ महिने जर्मन विमानांनी लंडनवर बॉम्बवर्षाव केला. हजारो माणसे मेली, वस्त्याच्या वस्त्या जमीनदोस्त झाल्या. त्या शहरासाठी पॅट्रिक ॲबरक्रॉम्बी आणि जे. एच. फोरशॉ यांनी १९४३ मध्येच एक आराखडा सादर केला. पडलेली घरे पुन्हा होती तशी उभारावीत, एवढेच त्यांनी सांगितले नाही. दाटीच्या गलिच्छ वस्त्या, घरांना खेटून उभे कारखाने आणि मोकळ्या जागेचा अभाव ही दुखणी बॉम्बच्या आधीचीच आहेत, हे त्यांनी ओळखले. प्रत्येक वस्तीला आपली शाळा व खेळायला मैदान असावे, असा त्यांचा आग्रह होता. पुढे १९४६ मध्ये कायदा होऊन लंडनबाहेर नवी नगरे वसू लागली. मात्र शहराभोवतीचे नियोजित वर्तुळमार्ग बव्हंशी कागदावरच राहिले.

नागपूरवर बॉम्ब पडले नव्हते. परंतु येथील आराखड्यामागची दृष्टी तीच होती. रस्त्यांची राष्ट्रीय, प्रांतिक, जिल्हा आणि ग्राम अशी वर्गवारी झाली. शेतीप्रधान भागातील कोणतेही गाव मुख्य रस्त्यापासून ५ मैलांहून दूर राहू नये, असे उद्दिष्ट ठरले. वीस वर्षांची ती योजना 'नागपूर योजना' म्हणूनच ओळखली जाते. आम्हां नागपूरकरांना तिचा अभिमान वाटावा, हे स्वाभाविकच आहे.

पण इतिहास केवळ अभिमानासाठी वाचावयाचा नसतो. १९६१ पर्यंत रस्त्यांच्या एकूण लांबीचे उद्दिष्ट ओलांडले गेले, तरी त्यांतील कितीतरी रस्ते कच्चे होते. कित्येक ओढ्यांवर पूल नव्हते. आकडा पूर्ण झाला; पावसाळ्यात अडलेली बाळंतीण मात्र अडलेलीच राहिली. वाड्यावस्त्यांना बारमाही रस्ता देण्यासाठी प्रधानमंत्री ग्रामसडक योजना सुरू व्हावयास २५ डिसेंबर २००० हा नाताळचा दिवस उजाडावा लागला.

ऐन युद्धात शांततेचा आराखडा आखणे हे धैर्याचे काम खरेच. परंतु लंडन असो वा नागपूर, आराखड्याची कसोटी नकाशावरील रेघांवर लागत नाही. ती रेघ शेवटच्या माणसाच्या दारापर्यंत पोहोचली का, हेच आपण विचारीत राहिले पाहिजे.