दोन नावं, एक व्यक्ती : मराठी कादंबरीतली स्त्री आणि तिचं लग्न



मी तत्त्वज्ञानाचा माणूस, साहित्याचा नव्हे. तरी हा विषय मी मागून घेतला, त्याला कारण एक प्रतिज्ञापत्र आहे.

माझ्या आईच्या माहेरी थोडी जमीन होती. वारसाची नोंद करायची वेळ आली तेव्हा तिचं माहेरचं नाव एक आणि सासरचं दुसरं. वकिलांनी स्टँप पेपरवर लिहून आणलं, की ही दोन्ही नावं एकाच व्यक्तीची आहेत. आता बघा, मी तीस वर्षं वर्गात हेच शिकवलं. शरीर बदलतं, आठवणी बदलतात, मग माणूस तोच राहिला हे कशावरून म्हणायचं? लॉक सांगितला, ह्यूम सांगितला, बौद्धांचा क्षणभंगवाद सांगितला. आणि माझी आई, ऐंशीच्या घरातली, कागदावर अंगठा लावून शपथेवर सांगत होती, की बाबांनो, मी तीच आहे. तिच्या लग्नात ताटात तांदूळ पसरून त्यात अंगठीनं नवं नाव लिहिलं होतं. जुन्या नावानं तिला हाक मारणारं त्या दिवशी कुणीही जिवंत नव्हतं.

मराठी कादंबरीचा दीडशे वर्षांचा इतिहास मी या प्रतिज्ञापत्रातून वाचतो.

सुरुवात आपल्या शेजारातून करू. इथून चिखलीवरून गेलं की बुलढाणा. 1882 मध्ये आपण निजामाच्या राज्यात आणि बुलढाणा वऱ्हाडात, इंग्रजांच्या कारभाराखाली. त्या बुलढाण्याच्या ताराबाई शिंदे यांचं ‘स्त्रीपुरुष तुलना’ त्या वर्षी पुण्यात छापलं गेलं. निमित्त होतं सुरतेच्या विजयालक्ष्मी नावाच्या विधवेचं. पोटच्या मुलाला मारल्याबद्दल 1881 मध्ये तिला फाशी सुनावली गेली, पुढे ती शिक्षा कमी झाली. पण ‘पुणेवैभव’नं या प्रकरणावरून सगळ्याच बायकांना झोडपायला घेतलं आणि ताराबाई भडकल्या. हा ग्रंथ कादंबरी नाही. पण त्यात ‘मुक्तामाला’, ‘मंजुघोषा’ अशा त्या काळच्या कादंबऱ्यांचाही समाचार आहे. ही पुस्तकं बायकांना रंगवतात तरी कसं, असा त्यांचा सवाल. मराठी कथावाङ्मयाची अगदी सुरुवातीची एक टीकाकार बाई आपल्या शेजारची आहे, हे आपल्याकडच्या किती प्राध्यापकांना ठाऊक असेल? जोतीराव फुल्यांनी ‘सत्सार’मध्ये तिची बाजू घेतली. नंतर पुस्तक विस्मरणात गेलं, ते स. गं. मालशे यांनी 1975 मध्ये पुन्हा छापलं. आणि नाव पाहा. त्या विवाहित होत्या, नवरा घरजावई होता, पण पुस्तकावरचं ‘शिंदे’ हे माहेरचं.

आता कादंबरीकडे. 1857 चं बाबा पदमनजींचं ‘यमुनापर्यटन’, विधवांच्या स्थितीवरचं. नायिका यमुना. तिचा नवरा जातो, ती ख्रिस्ती होते आणि पुन्हा लग्न करते. नवं आयुष्य मिळतं, पण त्यासाठी धर्म बदलावा लागतो. पुढे 1890 पासून ‘करमणूक’मध्ये हरिभाऊ आपट्यांची ‘पण लक्षात कोण घेतो’ क्रमशः येऊ लागली. तिची नायिकाही यमूच. ही यमू स्वतः सांगते, ‘मी’ म्हणून. सासर, माहेर, मुंबईतला नवऱ्याबरोबरचा सुखाचा थोडका काळ, मग वैधव्य, जबरदस्तीचं केशवपन, मरण. कादंबरी चालू असतानाच 1891 चा संमतिवयाचा कायदा झाला. मुलीच्या संमतीचं वय दहावरून बारा केलं, तर केवढा गदारोळ उठला! अशा वेळी घराघरात दर आठवड्याला एक विधवा ‘मी’ म्हणून बोलत होती, याचं मोल मी कमी करणार नाही. पण तो ‘मी’ लिहिणारा पुरुष होता. आणि यमूला आपली कथा सांगायला सवड मिळाली ती नवरा गेल्यावर. हे लक्षात ठेवा, मला त्याकडे परत यायचं आहे.

कादंबरी पुस्तकरूपानं आली 1893 मध्ये. त्याच वर्षी मार्चमध्ये पुण्यात धोंडो केशव कर्व्यांनी गोदूबाई या विधवेशी लग्न केलं. त्या पंडिता रमाबाईंच्या शारदा सदनातल्या विद्यार्थिनी. लग्नानंतर गोदूबाईंच्या आनंदीबाई झाल्या. सुधारणेतसुद्धा नाव बदललंच, बरं का! पण कादंबरीतली विधवा मरत होती, तेव्हा प्रत्यक्षातली संसार थाटत होती. पुढे ‘माझे पुराण’ या आत्मकथनात आनंदीबाईंनी स्वतःच सगळं सांगितलं, तिथला ‘मी’ उसना नाही.

कर्व्यांच्या संस्थेत शिकलेल्या एका मुलीनं पुढचं पाऊल टाकलं. बाळूताई खरे. 1933 मध्ये ‘कळ्यांचे निःश्वास’ हा कथासंग्रह निघाला, लेखिका म्हणून नाव विभावरी शिरूरकर. शिकलेल्या, मिळवत्या, लग्न न झालेल्या मुली. घर त्यांच्या पगारावर चालतं आणि त्यांच्या इच्छेची कुणी चौकशी करत नाही. पुण्यात खळबळ माजली. ही बाई कोण, याचाच शोध जास्त! पुढच्या वर्षीच्या ‘हिंदोळ्यावर’ मधली अचला नवऱ्यापासून दुरावलेली आहे, तिला दुसरा पुरुष आवडतो, तिला मूल हवं आहे. हिंदू स्त्रीला घटस्फोट देणारा कायदा मुंबई प्रांतात 1947 ला आला आणि देशभर 1955 ला. म्हणजे कायद्याच्या एकवीस वर्षं आधी कादंबरीनं हा प्रश्न मांडला. फक्त स्वतःच्या नावानं नाही. खरे, शिरूरकर आणि लग्नानंतर मालती बेडेकर, एका बाईची तीन नावं. हिचं प्रतिज्ञापत्र कोण करणार?

इथे थोडं थांबतो, कारण समोरचे काही चेहरे मला ओळखू येतात. तुम्ही म्हणाल, सर, आमच्याकडे पाट लागत होता, काडीमोड होत होती, हे केशवपनाचं दुःख आमचं नाहीच. अगदी बरोबर. मराठी कादंबरीनं फार काळ पांढरपेशा घरातल्या बाईला ‘स्त्री’ म्हटलं. बाकीच्या बायका त्यात आल्या त्या मोलकरीण म्हणून. उर्मिला पवारांचं ‘सहावं बोट’ यायला 1988 उजाडावं लागलं. पण पाट लागला म्हणजे बाईला विचारून लागला, असंही समजू नका. माझ्या लहानपणी मी पाहिलेले पाट दिरांशी लावलेले होते, जमीन घरात राहावी म्हणून.

आता मघाशी राखून ठेवलेला मुद्दा. यमू बोलते ती वैधव्यात. अचलाचा प्रश्न उभा राहतो तो नवरा दुरावल्यावर. म्हणजे लग्न तुटल्याशिवाय बाईला ‘मी कोण’ असं विचारायची मुभाच नव्हती. नवरा धड असेल तर प्रश्न कसला? ही अट मोडली गौरी देशपांडे यांनी. ‘एकेक पान गळावया’, 1980. त्यांच्या बायकांचे नवरे दुष्ट नाहीत. दारू पीत नाहीत, मारत नाहीत, प्रेमही करतात. आणि तरी त्या विचारतात, की या सगळ्यात माझं काय? तत्त्वज्ञानाच्या दृष्टीनं हा खरा अवघड प्रश्न आहे, कारण उत्तरात दोष द्यायला कुणी सापडत नाही. या गौरीबाई म्हणजे इरावती कर्व्यांची मुलगी. 1893 च्या त्या लग्नाची नात.

वर्गात मी हे मोठ्या कौतुकानं सांगितलं, तेव्हा मागच्या बाकावरची एक मुलगी म्हणाली, ‘‘सर, हिच्याजवळ विमानाचं तिकीट आहे. माझ्याजवळ एसटीचे पैसे नाहीत.’’ मला तेव्हा उत्तर सुचलं नाही. आजही पूर्ण सुचलेलं नाही. थोडंसं मिळालं ते आपल्या मराठवाड्याच्या, नांदेडच्या कविता महाजन यांच्या ‘ब्र’ मध्ये, 2005 साली. तिच्यातली प्रफुल्ला संसारातून बाहेर पडून संस्थेच्या कामासाठी आदिवासी भागात हिंडते, महिला सरपंचांना भेटते. खुर्ची त्यांच्या नावावर आणि कारभार नवऱ्याच्या हातात. पण त्यातल्या काही जणी हळूहळू तोंड उघडतात. तिथे विमान नाही. ग्रामपंचायतीचं दफ्तर आहे, सही आहे, अंगठा आहे.

समोर बसलेल्या मुलींनो, ‘स्त्रीपुरुष तुलना’ लहानसं पुस्तक आहे, दोन बैठकांत होईल. ते आधी वाचा आणि मग ‘ब्र’ हातात घ्या. कादंबऱ्या बायकांना कसं रंगवतात ही ताराबाईंची तक्रार कुठवर मिटली, ते मला सांगा. पत्रानं कळवलंत तरी चालेल. वेळ झाली आहे, अध्यक्षांनी दोनदा घड्याळ पाहिलं. तुमचे प्रश्न असतील तर घेतो.