बार्बाडोसच्या सुपरमार्केटात तुरीचे सोले

गेल्या डिसेंबरात कॅरिबियनला जाऊन आलो. प्रोजेक्टच्या निमित्तानं न्यूजर्सीत होतो, ख्रिसमसला क्लायंटचं अख्खं ऑफिस रिकामं, थंडी हाडात शिरलेली... सौ. म्हणाली, कुठंतरी ऊन असेल तिथं चल. बेट मी निवडलं. कारण उघड आहे, २९ जून २०२४ ला सूर्यकुमारनं सीमारेषेवर तो कॅच घेतला ते केन्सिंग्टन ओव्हल बार्बाडोसला आहे! जिथं मॅच जिंकलो ती जागा बघायची नाही म्हणजे काय?

तर मंडळी, ओव्हल बघितलं. समुद्रही बघितला. पण हा लेख त्यातल्या कशावरच नाही. हॉटेलातलं जेवण खिशाला परवडेना म्हणून आम्ही स्वयंपाकघरवाली खोली घेतली होती, आणि पहिल्याच संध्याकाळी किराणा आणायला जवळच्या सुपरमार्केटात गेलो. लेख त्यावर आहे.

ख्रिसमसचा सीझन, त्यामुळे दारातच सणाच्या सामानाचा ढीग. पहिल्या खोक्यात लालभडक फुलं, वर पाटी 'सॉरेल'. उचलून बघितलं तर आपली अंबाडी हो! लाल अंबाडीची बोंडं. ह्याचं आले-लवंग घातलेलं सरबत तिकडे ख्रिसमसला घरोघरी होतं. पुढच्या फळीवर 'गिनी कॉर्न'चं पीठ, म्हणजे ज्वारी. आणि त्याच्या शेजारी डब्यांची उतरंड, 'ग्रीन पिजन पीज'. चित्रातल्या शेंगा बघून मी जागीच थांबलो. तुरीचे सोले!

ज्यांचं आजोळ विदर्भात नाही त्यांच्यासाठी सांगतो, सोले म्हणजे ओल्या तुरीचे हिरवे दाणे. माझं आजोळ केळझर. नागपूर-वर्धा रस्त्यावर, सेलू तालुक्यात, टेकडीवरच्या सिद्धिविनायकासाठी प्रसिद्ध. गावाला लोक महाभारतातली एकचक्रानगरी मानतात, भीमानं बकासुर मारला ती. रोज गाडाभर अन्न, दोन रेडे आणि गाडी हाकणारा माणूस असा बकासुराचा हप्ता होता. जगातली पहिली होम डिलिव्हरी, तीसुद्धा डिलिव्हरी बॉयसकट! असो. तर डिसेंबरात केळझरला गेलं की शेतातून शेंगा यायच्या, निम्म्या मिठाच्या पाण्यात उकडून, निम्म्या सोलून भाजीला. सोबत ज्वारीची भाकरी. माझ्या डोक्यात हे खाणं इतकं 'आपलं' होतं की पुण्याच्या मित्रांनाही मी ते उगाच समजावून सांगत बसायचो. आणि इथं, तेरा-चौदा हजार किलोमीटरवर, तूर-ज्वारी-अंबाडी एका ओळीत उभी! गल्ल्यावरच्या बाईंनी वर ऐकवलं की तूर आणि ज्वारीचं पीठ खारवलेल्या मांसात शिजवून 'जग-जग' नावाचा ख्रिसमसचा पदार्थ होतो, आणि तो दुसऱ्या कुणाला जमत नाही. बाकी वर्षभर भातात तूर असतेच.

हे इथं आलं कसं? माझं पहिलं उत्तर एकदम तयार होतं. गिरमिटिये! उत्तर प्रदेश-बिहारातून करारावर नेलेले मजूर. त्यांचं पहिलं जहाज त्रिनिदादला ३० मे १८४५ ला लागलं. आजही तिथं चणा, जिरं, आलू हेच शब्द चालतात. तेव्हा तूरही त्यांच्याच गाठोड्यातून आली असणार, केस क्लोज.

पण रात्री खोलीवर वाचत बसलो तर टाइमस्टँप जुळेनात. एक म्हणजे बार्बाडोसला गिरमिटिये गेलेच नाहीत. गुलामगिरी १८३४ मध्ये संपली (खरी सुटका १८३८ मध्ये), पण मळेवाल्यांना बाहेरून मजूर आणायची गरज पडली नाही. बेट दाट वस्तीचं, जमीन सगळी मळ्यांची, सुटलेला माणूस जाणार कुठं? आणि दुसरं, 'पिजन पी' हे नावच बार्बाडोसचं निघालं. प्लुकेनेट नावाच्या इंग्रज वनस्पतिशास्त्रज्ञानं १६९२ मध्ये नोंदवलं होतं की तिथं हे दाणे कबुतरांना घालतात, म्हणून हे नाव. म्हणजे त्रिनिदादच्या जहाजाच्या दीडशे वर्षं आधी तूर तिथं पोचलेली होती.

मग आणली कुणी? तूर मूळची आपल्याकडचीच. तिचा रानटी भाऊबंद आजही ओडिशा-बस्तरच्या पट्ट्यात उगवतो. इथून ती केव्हातरी समुद्रापार पूर्व आफ्रिकेत गेली, तिथून आफ्रिकाभर पसरली. जमैकात तिला 'गुंगो' म्हणतात, ते काँगोवरून. आणि आफ्रिकेतून अटलांटिकपार नेणारी जहाजं त्या काळी एकाच धंद्याची होती. ज्युडिथ कार्नी ह्या अमेरिकन भूगोलतज्ज्ञ बाईंनी ह्यावर २००९ मध्ये पुस्तकच लिहिलंय. त्यांचं म्हणणं असं की गुलामांच्या जहाजांवर वाटेतल्या खाण्यासाठी आफ्रिकेतच धान्य भरून घेत. त्यातलं उरलंसुरलं पलीकडे उतरलं, आणि गुलामांनी ते आपल्या झोपडीमागच्या तुकड्यात पेरलं. ज्वारी अशीच गेली, अंबाडीही.

आता गंमत बघा. ज्वारी मुळात सुदानकडची, चारेक हजार वर्षांपूर्वी आपल्याकडे आली. अंबाडीही आफ्रिकेचीच. म्हणजे मी ज्या तिघींना 'केळझरच्या' समजून गहिवरलो होतो त्यातल्या दोघी आफ्रिकन, आणि जी एक खरी आपली ती गुलामांच्या जहाजातून गेलेली.

बार्बाडोस लहान आहे, ४३० चौरस किलोमीटर. एकट्या वर्धा जिल्ह्यात असे चौदा बार्बाडोस मावतील. इंग्रजांनी १६२७ मध्ये वस्ती केली, आधी तंबाखू आणि कापूस लावून बघितला, मग १६४० च्या दशकात ऊस सापडला आणि सगळं बेट उसाखाली गेलं. १६४७ मध्ये रिचर्ड व्हाइन्स नावाच्या तिथल्या एका माणसानं मॅसॅच्युसेट्सच्या जॉन विन्थ्रॉपना पत्रात कळवलं होतं की लोक साखरेच्या इतके मागे लागलेत की स्वतः धान्य पिकवण्यापेक्षा महागाचं धान्य बाहेरून विकत घेणं त्यांना बरं वाटतं. हिशेबाला अगदी बरोबर! आमच्यासारख्या कुणीही एक्सेल शीटवर हेच उत्तर काढलं असतं. मग उत्तर अमेरिकेतून खारवलेला कॉड मासा यायला लागला, कारण गुलामाला काहीतरी खायला घालणं भाग होतं. तो खारा मासा आजही त्या सुपरमार्केटात मिळतो, मी बघितला. उसातून सुटलेल्या कोपऱ्यात जे तगलं, ते ह्या तुरीसारखं चिवट पीक. मूळ खोल, पाणी नाही मिळालं तरी उभं, पानं गळून जमिनीला खत.

मी डबा उलटा करून बघितला. तूर पेरू देशातून आलेली होती. जिथं तुरीला नाव मिळालं त्या बेटावर तूर दुसऱ्या खंडातून, डब्यात. साडेतीनशे वर्षांनी व्हाइन्सचा हिशेब अजून चालूच.

तिथूनच मामाजींना फोन लावला. म्हटलं, सोले मिळतात इथं, डब्यातले, पाण्यात ठेवलेले, चार डॉलरला. तिकडचा डॉलर अमेरिकेच्या निम्मा, म्हणजे आपले पावणेदोनशे रुपये.

"पावणेदोनशे? अन् पाणी धरून?" मग थोडं थांबून, "घेते का बाप्पा कोणी?"

२०२५-२६ च्या हंगामाचा तुरीचा हमीभाव क्विंटलला ८००० रुपये, म्हणजे वाळलेली तूर किलोला ८०. मामाजींनी मनातल्या मनात भागाकार केला असणार, कारण पुढं ते बराच वेळ काही बोलले नाहीत.

त्यांच्या गप्प बसण्याला इतिहास आहे. वर्धा जिल्हा १८६२ मध्ये झाला, आणि ते साल नुसतं प्रशासकीय नाही. अमेरिकेत यादवी युद्ध चालू (१८६१ ते १८६५), लँकेशायरच्या गिरण्यांना कापूस मिळेना, हिंगणघाटच्या कापसाला सोन्याचा भाव. खास 'कॉटन कमिशनर' नेमला गेला, १८६७ मध्ये रेल्वे नागपूरला पोचली. म्हणजे बार्बाडोसचा ऊस तसा आमचा कापूस. फरक एक राहिला. इथं नांगर ज्याच्या हातात होता त्यानं कपाशीच्या काही तासांनंतर (तास म्हणजे ओळ) तुरीचं एक तास सोडायचं बंद केलं नाही. कापूस सावकाराचा, तूर घरची. १८९६-९७ आणि १८९९-१९०० च्या दुष्काळांनी हा प्रांत होरपळून काढला, तरी ती पद्धत टिकली. पुढं नव्वदच्या दशकानंतर सोयाबीन आलं, त्यातही तूर राहिली.

मग २०१५ मध्ये डाळ किलोला दोनशेला भिडली. आठवत असेल, ऑफिसात तेव्हा डाळीवरून विनोद फिरायचे. सरकारनं २०१६ मध्ये मोझांबिकशी करार केला, तिकडं तूर पिकवा, आम्ही घेऊ. नेमका त्याच वर्षी पाऊस चांगला, इथंही विक्रमी पीक, आणि भाव ५०५० च्या हमीभावाखाली. २०१७ मध्ये खरेदी केंद्रांवर बारदाना नव्हता, गाड्यांच्या रांगा. मामाजी नऊ दिवस आपल्या पोत्यांशेजारी झोपले आणि शेवटी व्यापाऱ्याला देऊन आले. मी तेव्हा पुण्यात डाळ स्वस्त झाली म्हणून खूश होतो... हे त्यांना अजून सांगितलेलं नाही.

फेब्रुवारीत परत आल्यावर आमच्या कोपऱ्यावरच्या वाण्याला विचारलं, ही डाळ कुठली? तो म्हणाला, मिक्स असते साहेब, लेमन आहे, मटवारा आहे, गजरी आहे. लेमन म्हणजे ब्रह्मदेशची, मटवारा टांझानियाची, गजरी मोझांबिकची. विदर्भाची? "येते ना, असेल त्यातच."

मार्चमध्ये केळझरला गेलो. पिशवीतून एक डबा नेला होता. मामाजींच्या शेतात ह्या वर्षी तुरीची चारच तासं होती, घरापुरती. विकायला लावणं सोडलंय, म्हणाले. मामींनी डबा उघडला, दोन दाणे तोंडात टाकले आणि म्हणाल्या, "काय खारट आहेत! हे खातेत लोक?" मी त्यांना जग-जगबद्दल सांगायला लागलो, पण तोवर त्यांनी दाणे धुऊन अंगणात कोंबड्यांपुढे टाकले होते. डबा मामाजींनी मोटारीचे नटबोल्ट ठेवायला घेतला.