कोणती पिपरी, कोणाचे घर?

विदर्भात पिपरी नावाची गावे इतकी आहेत, की ‘आम्ही पिपरीचे’ एवढेच सांगणाऱ्या मनुष्याने आपला ठावठिकाणा सांगितला असे कोणी धरीत नाही. वर्धा शहराला अगदी लागून असलेल्या पिपरीला दप्तरात ‘मेघे’ हे उपपद जोडलेले असते, जसे ते जवळच्या सावंगीला, बोरगावला आणि सिंदीलाही जोडलेले आहे. आणि गावाचे नाव घेताच समोरचा ‘कोणती पिपरी?’ असे विचारणार हे ओळखूनच इथला रहिवासी ते उपपद आपण होऊन उच्चारतो. नुसत्या नावावर विसंबले म्हणजे काय होते याचा अनुभव या परिसराला एका फार मोठ्या पुरुषाच्या निमित्ताने आलेला आहे. १९३६ साली गांधीजी वर्ध्याजवळच्या सेगावात राहावयास गेले, आणि ते सेगाव व बुलढाणा जिल्ह्यातील शेगाव यांच्या नामसाम्यामुळे त्यांच्या टपालाचा असा घोटाळा होऊ लागला, की अखेर १९४० साली गावाचे नावच बदलून सेवाग्राम करावे लागले.

‘कोणती पिपरी?’ हा प्रश्न टपालखात्याहून पुष्कळ जुना आहे, आणि तो सर्वांत कसोशीने विचारला जात असे तो सोयरीक जुळविताना. गाव समजले की घर कोणाचे, मामेकूळ कोणते, शेत स्वतःचे की ठोक्याने केलेले, नोकरी कायम की रोजंदारीची, असे प्रश्न एकामागून एक येत. आणि ज्याला ते विचारले जात तो त्यांना उत्तरे देत असला, तरी त्या उत्तरांवर निर्णय कधीच होत नसे. निर्णय होई तो वधूचा एखादा मामा बैल पाहण्याच्या किंवा बाजाराच्या निमित्ताने वराच्या गावी जाऊन, कोतवालाशी, शाळेच्या मास्तरांशी आणि विहिरीवरच्या बायकांशी दोन शब्द बोलून परत आल्यावर. पश्चिम महाराष्ट्रात ज्याला साखरपुडा म्हणतात त्याला आमच्या वऱ्हाड-नागपुराकडे साक्षगंध म्हणतात. साखरेपेक्षा साक्षीला अधिक मान देणारा हा शब्द मला नेहमीच मोठा मार्मिक वाटत आला आहे, कारण चार माणसांच्या समक्ष जे घडले नाही ते ठरलेच नाही, असा त्याचा सरळ व्यवहारी अर्थ आहे.

या जुन्या चौकशीचे गोडवे गाण्याचा मात्र माझा हेतू नाही. तिने जातीची कुंपणे राखली, हुंड्याचा बाजार भरविला, आणि जिचे आयुष्य पणाला लागे त्या मुलीला सोडून गावातल्या सगळ्यांना विचारले. शिवाय मध्यस्थ विकत घेता येतो, हेही महाराष्ट्राला फार पूर्वीपासून ठाऊक आहे. गोविंद बल्लाळ देवलांनी १८९९ साली रंगभूमीवर आणलेल्या ‘संगीत शारदा’तील जरठ भुजंगनाथाचे लग्न एका कोवळ्या मुलीशी लावून देऊ पाहणारा भद्रेश्वर दीक्षित हा धंदेवाईक मध्यस्थच होता. म्हणूनच शहाणी घरे एकाच्या शब्दावर राहत नसत, आणि ज्याचा या लग्नात काडीचाही लाभ नाही अशा मनुष्याची जबानी सर्वांत मोलाची मानीत.

अदृष्ट प्रियकर ही गोष्टही विदर्भाला नवी नाही. आर्वीच्या बाजूने वर्धा नदी ओलांडली की पैलतीरावर कौंडण्यपूर लागते, आणि परंपरा सांगते की रुक्मिणीचे आणि दमयंतीचे कुंडिनपूर ते हेच. रुक्मिणीने कधी न भेटलेल्या श्रीकृष्णाला पत्र पाठविले; परंतु ते एका विश्वासू ब्राह्मणाच्या हाती पाठविले, तो द्वारकेला जाऊन प्रत्यक्ष पाहून आला, आणि पत्राचे उत्तर म्हणून दुसरे पत्र न येता स्वतः श्रीकृष्णच रथात बसून आला. दमयंतीची कथा याहून सूक्ष्म आहे. हंसाच्या तोंडून नळाची कीर्ती ऐकून तिने मनाने त्याला वरले, आणि स्वयंवराच्या मंडपात माळ घेऊन उभी राहते तो तिच्यासमोर एकसारखे पाच नळ! इंद्र, अग्नी, वरुण आणि यम हे चारही देव नळाचे रूप घेऊन येऊन बसले होते. दुसऱ्याच्या मुखवट्याने वधूची याचना करण्याचा हा आपल्या वाङ्मयातील सर्वांत जुन्या प्रसंगांपैकी एक असावा, आणि तो नेमका विदर्भात घडला आहे.

दमयंतीने या प्रसंगी काय केले ते वनपर्वात पाहण्यासारखे आहे. देवांना ओळखण्याच्या ज्या खुणा तिने वडीलधाऱ्यांकडून ऐकल्या होत्या त्या तिने आठवल्या; त्या पाचांपैकी कोणातच दिसेनात, तेव्हा तिने देवांनाच सत्याची शपथ घालून विनविले, आणि त्यांनी दयार्द्र होऊन आपली चिन्हे प्रकट केली. चौघांच्या अंगावर घामाचा थेंब नव्हता, पापणी लवत नव्हती, गळ्यातील माळा कोमेजल्या नव्हत्या, धुळीचा कण लागला नव्हता आणि पाय भूमीला टेकले नव्हते. पाचव्याची माळ सुकली होती, अंगाला घाम आणि धूळ होती, आणि त्याची सावली पडली होती. दमयंतीने सावलीवाल्याला वरले.

तोतयाचा इतिहासातील पुरावा हवा असेल तर तो पेशवाईत सापडतो. १४ जानेवारी १७६१ रोजी पानिपतावर सदाशिवरावभाऊ पडले. पण त्यांच्या देहाची सर्वांचे समाधान होईल अशी ओळख पटली नाही, आणि पत्नी पार्वतीबाईंनी वैधव्याची चिन्हे अंगीकारली नाहीत. वाट पाहणाऱ्या घराचे दार कधीच पुरते लागलेले नसते. थोड्याच वर्षांत एक कनोजी ब्राह्मण ‘मीच भाऊ’ म्हणून प्रकट झाला. तो पकडला गेला, रत्नागिरीला कैदेत पडला, आणि १७७६ साली तेथून सुटताच त्याच्याभोवती इतकी माणसे जमली, की कोकणातील किल्ले त्याच्या हाती गेले आणि पुणे दरबाराला त्याच्यावर फौज धाडावी लागली. अखेर तो आंग्र्यांच्या हाती सापडला, पुण्यास त्याची पंचांसमोर चौकशी झाली आणि त्याला देहान्ताची शिक्षा झाली. न. चिं. केळकरांनी यावरच ‘तोतयाचे बंड’ हे नाटक लिहिले. भाऊंना डोळ्यांनी पाहिलेली माणसे हयात असताना हे घडले, त्या अर्थी त्याचे बळ चेहऱ्याच्या साम्यात फारसे नसावे. ते लोकांच्या इच्छेत होते.

१८६२ साली वर्धा जिल्हा नागपुरापासून वेगळा निघाला, १८६६ साली पालकवाडीच्या जागी वर्धा शहर वसले आणि पुढच्याच वर्षी मुंबईची रेल्वे या मार्गाने नागपुरास पोहोचली, तेव्हापासून सोयरिकीचा मुलूख रुंदावत गेला. पुढे वृत्तपत्रांतील ‘वर पाहिजे, वधू पाहिजे’, विवाहमंडळांच्या वह्या, समाजांचे परिचय मेळावे आणि त्यांच्या जाडजूड सूची आल्या. १९९७ च्या सुमारास विवाहजुळणीची संकेतस्थळे आली. प्रत्येक पायरीवर निवड वाढली आणि साक्षीदार एकेक करून कमी झाला. केंद्र सरकारने जून २०१६ मध्ये या संकेतस्थळांना मार्गदर्शक सूचना देऊन नोंदणी करणाऱ्याच्या ओळखीची खातरजमा करावयास सांगितले, म्हणजे मामाचे काम कंपनीवर सोपविले; पण बैल पाहण्याच्या निमित्ताने कंपनी कोठे जात नाही.

आता पिपरीच्या एखाद्या घरी विधवा शिक्षिकेच्या, निवृत्त कारकुनाच्या किंवा वय वाढत चाललेल्या अविवाहित अभियंत्याच्या मोबाइलवर जे येते ते पाहा. परदेशातला डॉक्टर, जहाजावरचा अधिकारी, समुद्रातल्या तेलविहिरीवरचा अभियंता, सीमेवरचा लष्करी अंमलदार, अशी सोंगे ठरलेली असतात, आणि त्या सर्वांत एक गुण समान असतो, तो हा की ज्या ठिकाणाहून सहजासहजी भेटीस येता येत नाही अशाच ठिकाणी हा मनुष्य नोकरीला असतो. छायाचित्र कोणा तिऱ्हाइताचे चोरलेले असते. दोन दिवसांत संभाषण संकेतस्थळावरून व्हॉट्सॲपवर नेले जाते, कारण तेथे लक्ष ठेवणारे कोणी नाही. सकाळ-संध्याकाळ विचारपूस होते, जेवलात का म्हणून विचारले जाते (ज्या घरात कित्येक वर्षांत हे कोणी विचारलेले नसते तेथे या प्रश्नाची किंमत किती, हे दुरून हसणाऱ्यांना कळत नाही), आणि महिन्याभरात लग्नाचे वचन मिळते. माळ कोमेजत नाही, पापणी लवत नाही. त्याला सर्दी होत नाही, तो कधी चिडत नाही, त्याला कोणी मित्र नाही, शेजारी नाही, आणि त्याला ओळखणारे दुसरे कोणी आपल्याला भेटत नाही; म्हणजे त्याची सावली पडत नाही.

मग भेटवस्तूंचे पार्सल निघते, आणि चार दिवसांनी दिल्लीच्या किंवा मुंबईच्या विमानतळावरून ‘कस्टम’च्या कोणा बाईचा फोन येतो, की पार्सलात परकीय चलन सापडले आहे, शुल्क भरा, नाहीतर गुन्हा दाखल होईल. एक रक्कम भरली की दुसरी निघते, कधी कराच्या नावाने, कधी दंडाच्या, कधी प्रमाणपत्राच्या. आणि आधी भरलेले वाया जाऊ नये म्हणूनच मनुष्य पुढचे भरीत जातो. सीमाशुल्क खाते कोणाच्या खासगी बँकखात्यात शुल्क मागवीत नाही, आणि त्याच्या अधिकृत पत्रावर २०१९ पासून ओळखक्रमांक असतो, जो खात्याच्या संकेतस्थळावर ताडून पाहता येतो. हल्ली पार्सलाऐवजी गुंतवणुकीचा डाव अधिक खेळला जातो: प्रेमाच्या ओघात एखादे ॲप सुचविले जाते, पहिल्या थोड्या पैशांवर नफा खरोखरच हातात पडतो, आणि भविष्यनिर्वाह निधीची पुंजी आत गेली की दार बंद होते. चिनी भाषेत या डावाला डुक्कर पोसून कापण्याचे नाव आहे. संयुक्त राष्ट्रांच्या मानवाधिकार कार्यालयाने ऑगस्ट २०२३ मध्ये सांगितले, की म्यानमारमध्ये किमान १,२०,००० आणि कंबोडियात सुमारे १,००,००० माणसे असल्या फसवणुकीच्या कामाला बळजबरीने जुंपली गेली असावीत. म्हणजे रात्री अकराला गोड शब्द लिहिणारा हात पुष्कळदा स्वतःच एखाद्या कोंडवाड्यात अडकलेला असतो, आणि नोकरीच्या आमिषाने तेथे ओढले गेलेल्यांत भारतीय तरुणही सापडले आहेत.

या सर्व प्रकारात माझ्या मते एकच वाक्य निर्णायक आहे, आणि ते पैशाचे नाही. ‘आपले हे इतक्यात कोणाला सांगू नकोस’ हे ते वाक्य. पैसा पुढे मागितला जाईल. त्याआधी साक्षीदार काढून घेतला जातो. चेहऱ्याची परीक्षा आता पुरेशी राहिली नाही, कारण चित्रसंभाषणातील चेहराही यंत्राने बनविता येतो. पण ‘कोणती पिपरी, कोणाचे घर?’ या प्रश्नाला अजून यंत्र सापडलेले नाही. जो ज्या रुग्णालयात आहे म्हणतो तेथे आपण होऊन शोधलेल्या क्रमांकावर विचारावे, त्याच्या गावचा कोणी आपल्या गावात असेल तर त्याला गाठावे, छायाचित्र उलट शोधून ते आणखी कोणाच्या नावाने फिरते आहे का ते पाहावे, आणि ज्याच्याशी प्रत्यक्ष भेट झालेली नाही त्याला एक रुपयाही धाडू नये.

आणि पैसे गेलेच असतील तर लाज बाळगून वेळ घालवू नये. १९३० या क्रमांकावर त्याच तासात फिर्याद नोंदविली, तर रक्कम पुढच्या खात्यात सरकण्यापूर्वी अडविता येण्याचा संभव असतो. संगणकाच्या साहाय्याने दुसऱ्याचे सोंग घेऊन फसविणाऱ्यास माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ६६-ड प्रमाणे तीन वर्षांपर्यंत कैद व एक लाखापर्यंत दंड आहे. घरच्यांनीही अशा वेळी ‘तुला अक्कल नव्हती का?’ हा प्रश्न गिळून टाकावा. सारे पुणे ज्याच्या पायी हवालदिल झाले असा तोतया आपल्याकडे होऊन गेला आहे.

दमयंतीवर असा प्रसंग दुसऱ्यांदाही आला. द्यूतात राज्य गमावून, रूप पालटून, बाहुक नावाने दुसऱ्याच्या पदरी सारथी झालेला नळ कुंडिनपुरास आला, तेव्हा तिने केशिनी नावाच्या दासीला त्याच्याशी बोलावयास धाडले, त्याच्या हातचे अन्न मागवून चाखले, आपली दोन्ही मुले त्याच्याकडे पाठविली, आणि त्यांना पोटाशी धरून तो रडला हे केशिनीकडून ऐकले. एवढी खूण पटूनही ती एकटी त्याला भेटावयास गेली नाही. तिने आधी आपल्या आईला सांगितले, आईने राजा भीमाला सांगितले, आणि राजाने अनुमती दिल्यावर बाहुकाला आत बोलावण्यात आले.