नास्तिक जाहिराती आणि अभिव्यक्तिस्वातंत्र्य

नास्तिक जाहिरात म्हणजे ईश्वराचे अस्तित्व नाकारणारा, त्याविषयी संशय व्यक्त करणारा किंवा धर्माविना नैतिक जीवन शक्य आहे असे सांगणारा मजकूर मोबदला देऊन बस, फलक, वृत्तपत्र वा दूरचित्रवाणीवर प्रसिद्ध करणे होय. अशी जाहिरात खासगी कंपनीने नाकारल्यास जाहिरातदाराच्या अभिव्यक्तिस्वातंत्र्याचा भंग होतो का, हा प्रश्न २००८ नंतर अनेक देशांत चर्चिला गेला. भारतात या प्रश्नाचे उत्तर मुख्यतः नकार देणारी संस्था शासकीय आहे की खासगी, यावर अवलंबून असते.

पार्श्वभूमी

महाराष्ट्रात बुद्धिप्रामाण्यवादी लेखनाची जुनी परंपरा आहे. र. धों. कर्वे यांनी १९२७ पासून १९५३ मधील मृत्यूपर्यंत 'समाजस्वास्थ्य' हे मासिक चालवले. त्यांच्यावर अश्लीलतेचे खटले झाले. १९३४ च्या खटल्यात डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी त्यांचे वकीलपत्र घेतले होते. या खटल्यांत लेखकासमोर सरकार उभे होते. जाहिरातीच्या बाबतीत मात्र जागेचा मालक किंवा माध्यम कंपनीच मजकूर नाकारू शकते आणि असा नकार न्यायालयापर्यंत क्वचितच पोहोचतो.

डॉ. नरेंद्र दाभोलकर यांनी १९८९ मध्ये स्थापन केलेल्या महाराष्ट्र अंधश्रद्धा निर्मूलन समितीचा विरोध देवाधर्माला नसून त्यांच्या नावाने होणाऱ्या शोषणाला आहे, अशी समितीची भूमिका आहे. २० ऑगस्ट २०१३ रोजी पुण्यात दाभोलकरांची हत्या झाली. त्याच वर्षी राज्यात जादूटोणाविरोधी कायदा लागू झाला. दैवी शक्तीचा दावा करणाऱ्या यंत्रांच्या दूरचित्रवाणीवरील जाहिराती या कायद्याखाली बेकायदेशीर ठरतात, असा निर्णय मुंबई उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाने जानेवारी २०२१ मध्ये दिला.

भारतातील कायदेशीर स्थिती

संविधानाच्या अनुच्छेद १९(१)(क) अन्वये नागरिकांना भाषण व अभिव्यक्तीचे स्वातंत्र्य आहे. निव्वळ व्यापारी जाहिरातीला हे संरक्षण मिळत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने १९५९ मध्ये हमदर्द दवाखाना प्रकरणात म्हटले होते. टाटा प्रेस विरुद्ध महानगर टेलिफोन निगम (१९९५) या निकालात मात्र व्यापारी जाहिरात हीदेखील अभिव्यक्ती असल्याचे मान्य झाले. नास्तिक जाहिरात वस्तू विकत नाही, विचार मांडते. त्यामुळे तिचा दावा व्यापारी जाहिरातीहून अधिक बळकट मानता येतो.

शासकीय संस्थेला मजकूर नाकारताना कारण द्यावे लागते व ते न्यायालयात तपासले जाते. मुंबईस्थित आयुर्विमा महामंडळाने आपल्या नियतकालिकात टीकात्मक उत्तर छापण्यास दिलेला नकार सर्वोच्च न्यायालयाने १९९२ मध्ये अवैध ठरवला. आनंद पटवर्धन यांचा 'फादर, सन अँड होली वॉर' हा माहितीपट दूरदर्शनने दाखवावा, असा निर्णय २००६ मध्ये झाला.

खासगी कंपनीबाबत स्थिती वेगळी आहे. मूलभूत हक्क प्रामुख्याने अनुच्छेद १२ मधील 'राज्य' या संज्ञेत येणाऱ्या संस्थांविरुद्ध बजावता येतात. शिवाय काय छापावे व काय छापू नये, हे ठरवणे हा वृत्तपत्राच्या स्वतःच्या स्वातंत्र्याचा भाग असतो. कौशल किशोर विरुद्ध उत्तर प्रदेश राज्य (२०२३) या प्रकरणात पाच न्यायाधीशांच्या घटनापीठाने बहुमताने अनुच्छेद १९ व २१ मधील हक्क खासगी व्यक्तींविरुद्धही बजावता येतील, असे म्हटले, न्यायमूर्ती बी. व्ही. नागरत्ना यांनी या मुद्द्यावर भिन्न मत नोंदवले. जाहिरात नाकारणाऱ्या कंपनीला हे तत्त्व कितपत लागू होईल, हे त्या निकालात ठरलेले नाही.

नकाराची कारणे

भारतीय दंड संहितेत १९२७ मध्ये समाविष्ट झालेले कलम २९५-अ आता भारतीय न्याय संहितेत कलम २९९ म्हणून आहे. या गुन्ह्यासाठी धार्मिक भावना दुखावण्याचा बुद्धिपुरस्सर व दुष्ट हेतू आवश्यक असतो, हे सर्वोच्च न्यायालयाने १९५७ मध्ये रामजीलाल मोदी प्रकरणात स्पष्ट केले. त्यामुळे ईश्वर नाकारणे हा आपोआप गुन्हा ठरत नाही; तरीही तक्रार, तोडफोड वा बहिष्काराच्या शक्यतेमुळे कंपनी सावध राहू शकते. केबल दूरचित्रवाणी नियम, १९९४ नुसार प्रामुख्याने धार्मिक किंवा राजकीय उद्देशाच्या जाहिरातींना मनाई आहे. १९८५ मध्ये स्थापन झालेल्या भारतीय जाहिरात मानक परिषदेच्या आचारसंहितेचे पालनही या नियमांनी बंधनकारक केले आहे.

जागेच्या मालकीचे महत्त्व

सिडकोने वसवलेल्या सीबीडी बेलापूरसारख्या परिसराच्या उदाहरणावरून हा भेद समजून घेता येतो. सिडको भवन, कोकण भवन व नवी मुंबई महानगरपालिकेचे मुख्यालय येथेच आहे. महापालिकेच्या परिवहन उपक्रमाची बस किंवा रेल्वे स्थानक ही सार्वजनिक संस्थेची जागा होय. तेथील नकाराला अनुच्छेद १९ व समानतेचा अनुच्छेद १४ यांच्या आधारे आव्हान देता येते. खासगी इमारतीवरील फलकासाठी महापालिकेची परवानगी लागत असली, तरी मजकूर स्वीकारायचा की नाही हे मालक व जाहिरात कंपनी ठरवतात. सार्वजनिक जागेचे जाहिरात हक्क निविदेद्वारे खासगी ठेकेदाराकडे गेले, तर नकार ठेकेदाराचा की सार्वजनिक संस्थेचा, असा अधिक गुंतागुंतीचा प्रश्न निर्माण होतो.

अन्य देशांतील उदाहरणे

ब्रिटनमध्ये लेखिका एरियन शेरीन यांच्या कल्पनेतून जानेवारी २००९ मध्ये सुमारे ८०० बसगाड्यांवर 'देव बहुधा नाही' अशा आशयाच्या जाहिराती झळकल्या. तेथील जाहिरात मानक प्राधिकरणाने तक्रारी येऊनही नियमभंग झालेला नाही, असे ठरवले. त्याच सुमारास इटलीतील जेनोव्हा येथे जाहिरात कंपनीने अशीच जाहिरात नाकारली व नंतर सौम्य मजकूर स्वीकारला. ऑस्ट्रेलियातही एका खासगी कंपनीने नास्तिक संघटनेची बसजाहिरात नाकारली. अमेरिकेत पेनसिल्व्हेनियातील सार्वजनिक बससंस्थेने केवळ 'नास्तिक' हा शब्द व संकेतस्थळांचे पत्ते असलेली जाहिरात नाकारली होती. २०१९ मध्ये संघीय अपील न्यायालयाने हे धोरण घटनाबाह्य ठरवले. खासगी नकाराचा फटका धार्मिक संस्थांनाही बसतो. २०१५ मध्ये ब्रिटनमधील चित्रपटगृहांच्या जाहिरात कंपनीने चर्च ऑफ इंग्लंडची प्रार्थनेवरील जाहिरात नाकारली होती.

मतप्रवाह

नकाराच्या अधिकाराचे समर्थक म्हणतात, की न पटणारा मजकूर प्रसारित करण्याची सक्ती हीदेखील स्वातंत्र्यावरील गदा आहे आणि जाहिरातदाराला अन्य माध्यमे खुली असतात. विरोधकांच्या मते मोक्याच्या जागा मोजक्या कंपन्यांच्या हाती असतील, तर पर्याय नावापुरताच उरतो. कायद्याने बंदी नसलेला अल्पमतातील विचारही त्यामुळे सार्वजनिक जागेतून नाहीसा होतो. धार्मिक, नास्तिक व राजकीय अशा सर्व मजकुरांना समान लागू होणारे लेखी धोरण कंपन्यांनी आधीच जाहीर करावे, हा यावरील मध्यममार्ग मानला जातो. मात्र पेनसिल्व्हेनियातील निकालानुसार, अशी सरसकट बंदी सार्वजनिक संस्थेने घातल्यास तीही न्यायालयात टिकेलच असे नाही.